शूज काढले म्हणजे गुडघा सुटतो?

नमस्कार ताई,

मी मुलुंडला राहते. वय ४६, पालिकेच्या शाळेत शिकवते. आधी सकाळचं चालणं, मग ग्रुपच्या नादाने धावणं सुरू झालं आणि येत्या जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या शर्यतीला, नाव घातलंय. गणपती झाल्यावर महिन्याभरात रविवारचं अंतर ८ किलोमीटरवरून १६ वर नेलं. तेव्हापासून डावा गुडघा समोरून दुखतो, जिना उतरताना जास्त. दिवाळीला नवऱ्याने जाड गादीचे शूज घेऊन दिले. त्यांची किंमत आईला अजून सांगितलेली नाही. ते घालूनही गुडघा तसाच.

आमच्या ग्रुपमधले एक सर अनवाणी धावतात. त्यांचं म्हणणं, माणूस लाखो वर्षं अनवाणीच धावला, शूज कंपन्यांनी आपले पाय पांगळे केले, तुमच्या गुडघ्याचं दुखणं तुमच्या पायातच आहे, काढून टाका. मागच्या रविवारी हिंमत करून त्यांच्याबरोबर ३ किलोमीटर अनवाणी धावले. गुडघा अजिबात दुखला नाही! पण सोमवारी पोटऱ्या अशा धरल्या की शाळेचा जिना कठड्याला धरून उतरले. सर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे. माझी आई संगमेश्वरकडच्या गावात जन्मभर अनवाणी वावरली, सत्तरीतही तिचे गुडघे ठणठणीत आहेत. म्हणजे सर बरोबर आहेत का?

जाता जाता: लेकीच्या वेळी गरोदरपणात शुगर वाढली होती, आता ‘बॉर्डरवर’ आहे. हल्ली पायाच्या बोटांना मुंग्या येतात, शूज घट्ट बांधत असेन. आणि ती लेक आता नऊ वर्षांची आहे, तिचे तळपाय सपाट आहेत. दुकानदार म्हणतो आर्चवाले, म्हणजे तळपायाच्या कमानीला आतून आधार देणारे, शूज घ्या. घेऊ का?

— गुडघ्याने गांजलेली, मुलुंड

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून शेवटी टाकलंय. गुडघा जरा थांबेल, आधी मुंग्यांचं बघू.

गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटीस होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यात तुम्ही स्वतःच बॉर्डरवर असल्याचं सांगताय. मुंग्या घट्ट लेसमुळेही येतात, खोटं नाही. फक्त धावताना, चार-पाच किलोमीटर झाल्यावर येत असतील आणि शूज काढल्यावर पाच मिनिटांत जात असतील, तर बहुतेक लेसच. पण दोन्ही पायांना येत असतील, रात्री अंथरुणात येत असतील, तळपाय बधिर वाटत असतील, तर तो मामला नसांचा असू शकतो. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करा. तिचा आकडा ५.७ ते ६.४ असेल तर खरोखर बॉर्डर, ६.५ किंवा पुढे गेला तर बॉर्डर ओलांडली. त्याच रक्तात बी१२ही बघायला सांगा, शाकाहारी असाल तर नक्कीच, कारण ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात. डॉक्टरांकडे एक बारीक नायलॉनचा धागा असतो. तो तळपायाला टेकवून तुम्हाला स्पर्श कळतो का हे ते बघतात. दुखत नाही, फार वेळही लागत नाही.

हे होईपर्यंत अनवाणी धावणं पूर्ण बंद. सोसायटीच्या कंपाउंडमध्येसुद्धा नको. अनवाणी धावणाऱ्याचं सगळं संरक्षण तळपायाच्या जाणिवेवर चालतं. खडा टोचला की पाय आपोआप उचलला जातो. ती जाणीव कमी झाली असेल तर काच घुसली तरी दोन दिवस पत्ता लागत नाही, आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाला झालेली जखम किती चिवट असते हे तुम्ही नात्यात कुठे ना कुठे पाहिलं असेल. सरांनी तुम्हाला शुगरबद्दल विचारलं होतं का? नसेल, तर दुसऱ्याला शूज काढायला सांगण्याआधी एवढं विचारायची सवय त्यांनी लावून घ्यावी.

आता गुडघा.

तो शूजमुळे दुखायला लागलेला नाही आणि शूजमुळे बरा होणार नाही. तुम्ही महिन्याभरात अंतर दुप्पट केलंत. समोरून दुखणं, जिना उतरताना वाढणं, ही वाटीभोवतीच्या दुखण्याची नेहमीची खूण आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. १६ किलोमीटरमध्ये तुमच्या वेगाने अठरा-वीस हजार पावलं होतात. ज्या गुडघ्याला त्याच्या निम्म्याची सवय होती, त्याने कुरकुर केली यात नवल नाही.

मग अनवाणी धावताना तो गप्प का बसला? याचं उत्तर तुमच्या सोमवारच्या पोटऱ्यांनी दिलंय. शूज काढले की पाऊल आपोआप आखूड होतं, पावलांचा वेग वाढतो आणि माणूस टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतो. त्याने गुडघ्याच्या वाटीवरचा ताण खरोखर कमी होतो. इतकं सरांचं बरोबर आहे. पण तो ताण हवेत विरत नाही. पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलातली लांबट हाडं यांच्या खात्यावर तो जमा होतो. वर्षानुवर्षं टाच उंच असलेल्या शूजमध्ये वावरलेल्या पोटरीला ३ किलोमीटर हा मोठा हिशेब झाला. पोटऱ्या धरणं हे ना चांगलं लक्षण, ना वाईट. झेपेल त्यापेक्षा जास्त केलं, एवढंच ते सांगतं. आणि पोटरी निदान ओरडून सांगते. हाड उशिरा सांगतं. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१३ साली एक अभ्यास झाला. नेहमीचे शूज वापरणाऱ्या धावपटूंच्या एका गटाला दहा आठवड्यांत हळूहळू बोटाबोटांच्या, म्हणजे हातमोज्यासारखं प्रत्येक बोट वेगळं बसणाऱ्या, पातळ शूजवर आणलं आणि आधी-नंतर पायाचे एमआरआय काढले. पातळ शूजच्या गटातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांच्या पावलाच्या हाडांत सूज दिसली. नेहमीच्या शूजच्या गटात असा एकच जण निघाला. दहा आठवडे देऊनही ही गत, आणि तुम्ही एका रविवारी ३ किलोमीटर मारून आलात.

मजा अशी की अनवाणी धावण्यातला तुमच्या गुडघ्याच्या उपयोगाचा भाग शूज न काढताही मिळतो. एका मिनिटात तुमची पावलं किती पडतात ते मोजा. १६० येत असतील तर १६८ च्या आसपास न्या. वेग तोच, पाऊल आखूड. पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार घटतो, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. पहिले काही दिवस तुम्हाला आपण दुडदुड धावतोय असं वाटेल. वाटू दे.

सरांच्या लाखो वर्षांच्या युक्तिवादाबद्दल. तो त्यांनी काढलेला नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि त्यांचे सहकारी २००४ पासून मांडत आलेत की माणसाचं शरीर लांब पल्ला धावण्यासाठी घडत गेलं. त्यांचाच २०१० चा ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतला शोधनिबंध या सगळ्या अनवाणी चळवळीचं मूळ म्हणून दाखवला जातो. त्यात काय आहे? सवयीने अनवाणी धावणारे बहुतेकदा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीवर पाय आपटताना बसणारा तो पहिला झटका जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यात दाखवलंय. अनवाणी धावणाऱ्यांना दुखापती कमी होतात, असं त्यात सिद्ध केलेलं नाही. आणि तीनच वर्षांनी उत्तर केनियातल्या दासानाच लोकांची पाहणी आली. ही मंडळी जन्मापासून अनवाणी. त्यांना त्यांच्या सोयीच्या वेगाने धावायला सांगितलं, तर ७२ टक्के वेळा टाचच आधी टेकली! म्हणजे ‘निसर्गाने ठरवून दिलेलं’ एकच एक पाऊल नाही. वेग, जमीन, सवय, सगळ्यावर ते बदलतं.

मधल्या काळात २००९ साली एका अमेरिकन पत्रकाराचं मेक्सिकोतल्या ताराहुमारा धावपटूंवरचं पुस्तक गाजलं आणि शूज काढण्याची लाट आली. ताराहुमारा, तसं बघितलं तर, अनवाणी धावतच नाहीत. टायरच्या तुकड्याला चामड्याचे पट्टे बांधून केलेल्या चपला घालतात, आपल्याकडे गावोगाव मिळायच्या तशाच. लाटेवर स्वार होऊन बोटाबोटांचे शूज प्रचंड खपले. त्या शूजने पायाचे स्नायू मजबूत होतात, दुखापत टळते, असा प्रचार पुराव्याशिवाय केल्याचा दावा अमेरिकेत त्या कंपनीवर झाला आणि २०१४ मध्ये तिने ३७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड केली, चूक कबूल न करता. शूज न घालण्यातही लोक पैसे कमावतात, एवढं सरांच्या कानावर घाला.

आणि इथिओपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला. सरांनी त्याचं नाव घेतलं नसेल असं होणारच नाही. १९६०, रोम, अनवाणी, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, ऑलिम्पिक सुवर्ण. अगदी खरं. नवे शूज त्याच्या पायाला नीट बसेनात म्हणून तो शूजविना उतरला, आणि अनवाणी धावायची सवय त्याला आधीपासून होतीच. पण चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला शूज-मोजे घालून धावला, रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर आला आणि पुन्हा सुवर्ण घेऊन गेला. ही दुसरी गोष्ट अनवाणीवाले सहसा सांगत नाहीत. मिलिंद सोमण अनवाणी धावतो, त्याने २०१७ ची अल्ट्रामॅन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी तीन दिवसांची शर्यतही पूर्ण केली, तेही बरोबर. लहानपणापासून राष्ट्रीय पातळीवर पोहलेल्या, आयुष्यभर कसलेल्या शरीराने वर्षानुवर्षं ते कमावलंय. बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावून शर्यत जिंकल्या तेव्हा त्यांना नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. त्यांच्या पायात शूज नव्हते यामागे कुठलाही सिद्धान्त नव्हता, आणि तसा सिद्धान्त त्यांच्या नावावर खपवणं मला बरं वाटत नाही.

तुमच्या आईंचं वेगळं आहे. त्या जन्मापासून मातीवर चालल्या. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, धावताना दोन्ही पाय हवेत जातात आणि मग सगळं वजन एका पायावर कोसळतं. पायी पंढरपूरला जाणारा वारकरी किंवा सोमवारी रात्री निघून सिद्धिविनायक गाठणारा माणूस अनवाणी जातो, म्हणून डांबरावर तसंच धावताही येईल असं होत नाही. शिवाय गावच्या अनवाणी पायांची आठवण काढताना आपण ठणठणीत गुडघे तेवढे आठवतो. भेगाळलेल्या टाचा, पायात मोडलेले काटे, कुरूप, मातीतून तळपायावाटे शिरणारे आकड्या जंत आणि त्यांनी आणलेला पंडुरोग, हेही त्याच पायांनी सोसलंय. आईंना विचारा, त्यांना वेळेवर चपला मिळाल्या असत्या तर त्यांनी घातल्या असत्या की नाही. उत्तर मला कळवा.

इतकं सगळं लिहिल्यावर मी शूज कंपन्यांची वकील वाटेन. तसं नाही. गाद्यांच्या शूजना १९७० च्या दशकात जोर आला, टाच उचलली गेली, मग हवा भरली, जेल भरलं, कमान धरणारे कप्पे आले. धावणाऱ्यांच्या दुखापती काही संपल्या नाहीत. पायाचा ठसा बघून ‘तुमचा आर्च असा, म्हणून हा शूज’ असं सांगणाऱ्या पद्धतीची अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये हजारो जवानांवर परीक्षा झाली. कमानीप्रमाणे शूज दिलेले आणि सरसकट एकच शूज दिलेले, दोघांच्या दुखापतींत फरक पडला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात १२ चाचण्या आणि ११ हजारांवर माणसं एकत्र तपासली, आणि अमुक प्रकारचा शूज दुखापत टाळतो असं खात्रीने म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. तेव्हा मॉलमध्ये ट्रेडमिलवर पळवून, स्क्रीनवर लालपिवळे पाय दाखवून कुणी हजारो रुपयांचा शूज ‘तुमच्यासाठीच’ म्हणून पुढे करत असेल, तर हसून नमस्कार करावा.

पण गादी अपाय करते का, हा तुमच्या सरांचा मुख्य आरोप आहे. त्यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पुरावा लक्झेंबर्गचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच शूज दिले, निम्म्यांचे मऊ, निम्म्यांचे कडक, आणि कुणाला काय मिळालंय ते सांगितलं नाही. सहा महिन्यांत कडक शूजवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. त्याच संशोधकांनी आधी, २०१४ मध्ये, लहान चाचणी केली होती, तिच्यात फरक आढळला नव्हता. म्हणजे मऊपणा फार तर थोडा मदत करतो. पांगळा करतो असं काही त्यातून निघत नाही. हां, जाडी हे वेगळं प्रकरण आहे. फिनलंडमधल्या २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात फार जाड गादीच्या शूजमध्ये धावणारे पाय जास्त ताठ ठेवून उतरले आणि वेग वाढल्यावर झटका उलट वाढला. आणि मुंबईच्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर चार बोटं उंच, मऊ सोल म्हणजे घोटा मुरगळण्याची सोय. तुमचे दिवाळीचे शूज किती जाड आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते घालून फुटपाथवर डगमगायला होत असेल तर ते रस्त्याच्या सपाट भागासाठी ठेवा.

खरा अपाय होतो तो बोटांपाशी चिंचोळ्या असलेल्या बुटांनी, आणि तो धावण्याच्या तासात कमी, उरलेल्या दिवसात जास्त. निमुळत्या सँडल, टोकदार बुट्या. अंगठा आत वळतो, मुळाशी हाड बाहेर येतं, बोटांना पसरायला जागा राहत नाही. शाळेत दिवसभर उभं राहताना पायात काय असतं? तिकडे आधी बघा. धावण्याचा शूज संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आपले मोजे घालून बघावा आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी. दुकानात चार फेऱ्या मारताना तो पायात आहे हे विसरायला झालं की तो तुमचा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या बेन्नो निग यांनी आयुष्यभर शूजचं यांत्रिक मोजमाप करून शेवटी आरामाला जो मान दिला, तो मला पटतो.

रक्ताचा अहवाल चांगला आला, मुंग्या लेसच्याच निघाल्या, तर मग अनवाणी करून बघायला माझी ना नाही. उलट थोडं करावंच. फक्त औषध म्हणून, दिवसातून चमचाभर. पाऊल काही निर्जीव नाही, २६ हाडांचं ते यंत्र आहे आणि त्यातले छोटे स्नायू वापरले नाहीत तर झोपी जातात. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या चाचणीत पावलाचे व्यायाम करणाऱ्यांच्या दुखापती न करणाऱ्यांपेक्षा निम्म्याहून कमी झाल्या. हे व्यायाम फरशीवर, टीव्हीसमोर होतात. बोटं न मुडपता कमान आखडून धरायची, बोटं पंख्यासारखी पसरायची, एका पायावर उभं राहून दात घासायचे, पायरीच्या कडेवर टाचा हळू खाली-वर करायच्या. धावणं त्यानंतर, आणि तेही शर्यत झाल्यावर, फेब्रुवारीत. आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या धावण्याच्या शेवटी शूज काढून दोन-चारशे मीटर. दोन आठवडे पोटरी गप्प राहिली तरच थोडं वाढवा. पावलाच्या वरच्या बाजूला, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एका जागी दुखरी कळ आली तर त्या दिवशीच थांबा आणि एक्स-रेच्या भरवशावर राहू नका. हाडाची बारीक चीर त्यात सुरुवातीला दिसत नाही.

जागेचं म्हणाल तर मुंबईत अनवाणी धावण्याजोगी जमीन शोधावी लागते. शिवाजी पार्कची तांबडी माती बरी, सकाळी क्रिकेटवाले जागा अडवण्याआधी. सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तम, मलबार हिलला प्रियदर्शिनी पार्कात आहे, पण मुलुंडहून एवढ्यासाठी कोण जाणार! जुहूची वाळू सगळ्यांना मोहवते. ओहोटीची ओली, टणक पट्टी चालेल. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खोल रुतते आणि टाचेमागची शीर ओढली जाते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच परत या, नाहीतर एकच पाय सारखा खालच्या बाजूला पडतो. पावसाळ्यात तर नकोच. जेलीफिश वाहून येतात आणि २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारले होते. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात अनवाणी पाय घालणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण. उंदराच्या, कुत्र्याच्या मुतातला तो जंतू बारीक चिरेतूनही आत जातो. कधी तसं पाणी तुडवावं लागलंच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यायची, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तेही घेऊन टाका, शूज घालत असलात तरी.

जानेवारीपर्यंत काय करायचं? रविवारचं अंतर आत्ता ८-९ किलोमीटरवर आणा. धावताना किंचित जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर चालेल. तसं राहिलं तर दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा. आठवड्यातून दोनदा मांड्यांचं आणि कुल्ल्यांचं काम करा. खुर्चीवर हळू बसणं-उठणं, खालच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. तुमच्यासारख्या गुडघ्याला याचा जेवढा गुण येतो तेवढा कुठल्याच शूजने येत नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, गुडघा सुजला किंवा मध्येच अडकायला लागला, तर फिजिओथेरपिस्टना प्रत्यक्ष दाखवा. शर्यतीआधी १८ झाले नाहीत म्हणून घाबरू नका. १४-१५ नीट झालेली बाई हाफ पुरी करते, पेडर रोडच्या चढावर चालली तरी. त्यापुढच्या उतारावर मात्र लांब ढांगा टाकू नका, तुमची वाटी तिथेच बोलेल.

नवऱ्याने दिलेले शूज फेकू नका आणि जुनेही फेकू नका. दोन्ही आलटूनपालटून वापरा. वेगवेगळे जोड फिरवणाऱ्यांना एकाच जोडावर धावणाऱ्यांपेक्षा कमी दुखापती झाल्याचं त्याच लक्झेंबर्गच्या मंडळींना एका पाहणीत आढळलं होतं, बहुधा ताण रोज थोड्या वेगळ्या जागी पडतो म्हणून. शर्यतीला लांब पल्ल्याच्या रविवारी सुखाने गेलेला जोड घाला.

राहता राहिली लेक. तिला टाचा उचलून चवड्यांवर उभी करा आणि मागून बघा. चवड्यांवर गेल्यावर तळपायाला कमान आली आणि पाय दुखत नसेल, तर तो लवचिक सपाट पाय आहे, मुलांमध्ये अगदी सर्रास दिसणारा. बऱ्याच मुलांची कमान दहाव्या वर्षापर्यंत भरत जाते, आणि आर्चवाल्या शूजने ती लवकर येते असं दिसलेलं नाही. अनवाणी पायांची बाजू मला मनापासून पटते ती इथे. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी आपल्याच देशात, कर्नाटकात, २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते. ते १९९२ मध्ये छापून आलं. शूज घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, न घालणाऱ्यांत २.८, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सँडल-चपलावाल्यांपेक्षा जास्त. एवढ्यावरून बुटांनीच पाय सपाट होतात असं छातीठोक म्हणता येत नाही. पण घरात, गच्चीवर, मैदानातल्या मातीत तिला बिनधास्त अनवाणी हुंदडू द्यायला हे पुरे आहे. चवड्यांवरही कमान आली नाही, एकच पाय सपाट असला किंवा ती पाय दुखतो म्हणून खेळ सोडून बसत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानदाराला नाही. आणि शाळेचे काळे बूट घेताना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, टाच सुटते आणि मूल बोटं आवळून चालायला लागतं. अर्ध्या इंचाहून जास्त जागा नको, आणि दर तीन-चार महिन्यांनी ती उरली आहे का ते अंगठ्याने दाबून बघा.